जेलमधला नारिंगी उजेड आणि माझे सात महिने

पहिल्या दिवशी सीनियर ताईने मला लॅब दाखवली तेव्हा सेंट्रिफ्यूज, डीएनएच्या प्रती काढणारं पीसीआर मशीन वगैरे सगळं पाच मिनिटांत उरकलं आणि मग एका कोपऱ्यापाशी येऊन आवाज खाली आणून म्हणाली, "हा ईटीबीआरचा कोपरा." ईटीबीआर म्हणजे इथिडियम ब्रोमाइड, डीएनए दिसावा म्हणून वापरायचा रंग. फरशीवर लाल पट्टी, तिथली पिपेट वेगळी, ट्रे वेगळा, ग्लोव्हज वेगळे, आणि त्या ग्लोव्हजने बाहेरचं काहीही शिवायचं नाही, दाराची मूठ नाही, मोबाइल तर नाहीच नाही. मी कराडला आजीचं सोवळं बघत वाढलेली, त्यामुळे मला नियम पाठ करावे लागलेच नाहीत. फरक एवढाच की आजीच्या सोवळ्यात बाहेरचं आत येऊ द्यायचं नसायचं आणि इथे आतलं बाहेर जाऊ द्यायचं नव्हतं. आमचे लॅबमधले मामा तर त्या खोलीचं दार कोपरानेच उघडायचे, वर मला दम द्यायचे, "मॅडम, कॅन्सरचं औषध आहे ते, हात लावू नका." कॅन्सरवरचं औषध नाही, कॅन्सर होईल अशी भीती असलेलं औषध, हे मला नंतर कळलं.

तर पुढचं सगळं त्या रंगाबद्दल आणि त्याच्या नादात माझे सात महिने कसे गेले त्याबद्दल. बायोटेकची जी पोरं आत्ता क्लोनिंग (एखादा जीन दुसऱ्या डीएनएत जोडून बॅक्टेरियात वाढवणं) करतायत आणि ज्यांच्या प्लेटा रिकाम्या येतायत त्यांनी तरी वाचा.

आधी बेसिक. डीएनए डोळ्याला दिसत नाही, म्हणून त्याचे तुकडे जेलमधून विजेने पळवून लांबीप्रमाणे वेगळे करायचे आणि रंगवून बघायचे. अर्धा ग्रॅम अ‍ॅगारोज (जेलची पावडर) ५० मिली टीएई बफरमध्ये (वीज वाहू देणाऱ्या द्रावणात) मायक्रोवेवला उकळायचं, बाटली हातात धरवेल इतकं निवू द्यायचं, मग ईटीबीआर घालायचं. आमचा स्टॉक १० मिलिग्रॅम पर मिलीचा होता, जेलमध्ये अर्धा मायक्रोग्रॅम पर मिली लागतं, म्हणजे ५० मिलीला अडीच मायक्रोलिटर. एवढासा थेंब. मग ट्रेमध्ये ओतायचं, कोंब, म्हणजे सँपलसाठी वेल (खड्डे) पाडणारा कंगवा, लावायचा, गोठलं की सँपल लोड करून १०० व्होल्टला पाऊण तास रन करायचं, आणि मग अंधाऱ्या खोलीत फेस शील्ड लावून यूव्ही बॉक्सवर जेल ठेवायचं आणि बटण दाबायचं. पहिल्यांदा तो नारिंगी बँड, म्हणजे एका लांबीच्या तुकड्यांची पट्टी, दिसला ना, मी खरंच "आईशप्पथ" म्हणून ओरडले होते.

तो चमकतो का हे मला बरेच दिवस नीट माहीत नव्हतं, "इंटरकॅलेट होतं" एवढं परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. इथिडियमचा रेणू चपटा असतो आणि डीएनएच्या बेसच्या जोड्या भाकऱ्यांच्या चवडीसारख्या एकावर एक असतात, त्या दोन भाकऱ्यांमध्ये तो पापडासारखा सरकतो. असे चपटे रेणू मध्ये घुसतात हे लर्मन नावाच्या शास्त्रज्ञाने १९६१ मध्ये मांडलं, तेव्हा त्याच्या हाताशी अ‍ॅक्रिडिन जातीचे रंग होते. घुसल्यावर तिथलं अंतर जवळजवळ दुप्पट होतं आणि डीएनएचा पीळ एका रेणूमागे साधारण २६ अंशांनी सैल होतो. आता चमकण्याचं: हा रेणू पाण्यात मोकळा असताना त्याला यूव्हीची ऊर्जा दिली तरी तो आपला प्रोटॉन पाण्याला देऊन टाकतो आणि गप्प बसतो, उजेड फारसा नाहीच. बेसच्या मध्ये शिरला की पाणी पोचत नाही, मग ती ऊर्जा ६०० नॅनोमीटरच्या आसपास नारिंगी उजेड होऊन बाहेर पडते, मोकळ्यापेक्षा वीसेक पट जास्त. म्हणून जेलभर रंग पसरलेला असूनही फक्त बँडच पेटतो.

आणखी एक गंमत, डीएनए निगेटिव्ह म्हणून तो पॉझिटिव्ह टोकाकडे पळतो आणि इथिडियम पॉझिटिव्ह म्हणून ते उलट्या दिशेने, वेलकडे. त्यामुळे जास्त वेळ रन केलं की जेलच्या खालच्या भागात रंगच उरत नाही आणि छोटे तुकडे फिके दिसतात. मी पहिले दोन महिने समजत होते की माझा पीसीआर छोटे तुकडे कमी बनवतोय. कुणी सांगत नाही हो या गोष्टी, सगळे समजून चालतात की तुला माहितीय.

तर माझं काम साधं होतं, म्हणजे कागदावर साधं. साधारण १४०० बेसचा एक जीन पीसीआर करून प्लाझ्मिडमध्ये, म्हणजे बॅक्टेरियात राहणाऱ्या छोट्या गोल डीएनएमध्ये, घालायचा. प्लाझ्मिड आणि जीन दोन्ही इकोआर-वन आणि हिंड-थ्री या एन्झाइमनी कापायचे, जेलवर चालवायचे, हवा तो बँड ब्लेडने कापून कॉलमवर साफ करायचा, लायगेजने जोडायचं आणि बॅक्टेरियात ढकलायचं. दुसऱ्या दिवशी अँपिसिलिनच्या प्लेटवर (जिथे प्लाझ्मिड घेतलेले बॅक्टेरियाच जगतात) कॉलन्या. माझ्या प्लेटवर काहीच नाही. आरसा. पुन्हा केलं, पुन्हा आरसा. कधी दोन-तीन कॉलन्या यायच्या, त्या उघडून बघितल्या की न कापलेलं जुनंच प्लाझ्मिड निघायचं.

मग नेहमीचं सुरू झालं. लायगेज बदललं. कॉम्पिटंट सेल्स (डीएनए आत घेणारे बॅक्टेरिया) नवीन बनवल्या, रात्रभर १६ डिग्रीला जोडलं, मग खोलीच्या तापमानाला जोडलं, व्हेक्टर-इन्सर्टचा (प्लाझ्मिड आणि जीनचा) रेशो एकास तीन, एकास पाच, एकास दहा. सर म्हणाले प्रायमरमध्ये (पीसीआर सुरू करणाऱ्या छोट्या तुकड्यात) कापायच्या जागेच्या बाहेर बेस कमी ठेवलेत का बघ, तेही बघितलं, बरोबर होते. अख्खं प्लाझ्मिड टाकलं की मोजायचा कंटाळा यावा इतक्या कॉलन्या, म्हणजे सेल्स ठीक, प्लेट ठीक. मग राहिलं कोण, तर मी. सात महिने. घरी फोनवर आई विचारायची "झालं का गं ते जोडायचं काम", मी म्हणायचे होतंय. आईने एकदा फार गंभीरपणे विचारलं होतं की फेव्हिक्विकसारखं काही नसतं का त्याला.

उत्तर चहाच्या टपरीवर मिळालं. शेजारच्या लॅबमधला एक दादा, पोस्टडॉक, मी रडगाणं गात होते आणि तो कटिंग पीत ऐकत होता, मध्येच म्हणाला, "जेल कापायला किती वेळ लावतेस?" मी अभिमानाने सांगितलं, पाच-सात मिनिटं, कारण मी अगदी निगुतीने कापते, आधी फोटो, मग कडा सरळ, जास्तीचं अ‍ॅगारोज काढून टाकते. तो म्हणाला, "अगं मग तू डीएनए भाजून काढतेयस की."

आणि हे मला माहीत नव्हतं असंही नाही! यूव्हीने थायमिन डायमर होतात हे बारावीच्या पोरालाही येतं. शेजारशेजारचे दोन थायमिन एकमेकांना चिकटतात, मग डीएनएची नक्कल करणारं पॉलिमरेज तिथे येऊन अडखळतं. आमचा बॉक्स ३०२ नॅनोमीटरचा. डीएनए सगळ्यात जास्त २६० ला शोषतो पण ३०२ ला काही तो पारदर्शक होत नाही. आणि प्लाझ्मिड म्हणजे हजारो बेस, त्यात कुठे ना कुठे डाग पडणारच, पण जेलवर बँड तस्साच दिसतो, वजन तेवढंच, जागा तीच. आम्ही सगळे त्या अडीच मायक्रोलिटर रंगाला घाबरून कोपराने दारं उघडत होतो आणि ज्या दिव्यावर मी जेल सात-सात मिनिटं ठेवत होते त्याची कुणाला फिकीर नव्हती. एकदा तर ग्लोव्ह आणि एप्रनच्या बाहीच्या मधली मनगटाची पट्टी लाल होऊन सोलली होती माझी, मी समजले साबणाची अ‍ॅलर्जी. कातडी सोलली तरी डोक्यात आलं नाही की त्याच दिव्याखाली डीएनए पण आहे.

दादाने एक टेस्ट सांगितली, ती लिहून ठेवा. नुसतं प्लाझ्मिड एका एन्झाइमने कापायचं, इन्सर्ट वगैरे काही नाही. एकाच जेलवर चार वेलमध्ये सारखं लोड करायचं. एक लेन यूव्हीला अजिबात दाखवायची नाही, बाकीच्या ३० सेकंद, २ मिनिटं आणि ६ मिनिटं. यूव्हीशिवाय कापायची कशी, तर जेलच्या कडेची लॅडरची (माहीत असलेल्या लांबीच्या तुकड्यांची) पट्टी उभी कापून वेगळी करायची, फक्त तीच दिव्यावर ठेवायची, बँडच्या जागी ब्लेडने खाच करायची, पट्टी परत जागेवर आणून खाचेच्या रेषेत बाकीचं आंधळं कापायचं. मग चारही साफ करून परत स्वतःशीच जोडायचे आणि ट्रान्सफॉर्म करायचे, म्हणजे बॅक्टेरियात ढकलायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी इनक्युबेटर उघडला. यूव्ही नाही: गच्च प्लेट. ३० सेकंद: डोळ्याला कळेल इतक्या कमी. २ मिनिटं: हाताच्या बोटांवर. ६ मिनिटं: आरसा, माझा ओळखीचा आरसा. मला हसावं का रडावं कळेना, मी चारही प्लेटांचा फोटो काढून दादाला पाठवला, त्याने नुसता चहाचा इमोजी पाठवला.

आता आंधळं कापायचं जमलं म्हणजे प्रश्न सुटला असं वाटेल, पण नाही. माझ्या प्लाझ्मिडच्या डायजेस्टमध्ये (एन्झाइमने कापलेल्या मिश्रणात) न कापलेला बँड अगदी चिकटून पळायचा आणि आंधळ्या कापात तोही यायचा, परत तीच जुन्या प्लाझ्मिडची कॉलनी. जेलमध्ये १ मिलिमोलर सायटिडीन किंवा ग्वानोसीन घातलं तर ते यूव्ही स्वतःवर घेतं आणि डीएनए वाचतो, ही जुनी युक्ती पण आहे, मी एकदा केली, फरक पडला. पण बघत बघत निवांत कापायचं असेल तर दिवाच बदलायला पाहिजे होता, आणि दिवा बदलायचा तर रंग बदलायला पाहिजे.

इथे सायबर सेफ नावाचा रंग आला. सायबर खानदानाचे रंग ओरेगनच्या मॉलिक्युलर प्रोब्ज कंपनीचे. त्यातलं सायबर ग्रीन वन क्यूपीसीआरमुळे (प्रती मोजणाऱ्या पीसीआरमुळे) सगळ्यांना माहीत असतं, त्याची रचना जगाला बरीच वर्षं माहीतच नव्हती, लोक रोज वापरत होते, शेवटी २००४ मध्ये काही शास्त्रज्ञांनी स्वतः शोधून छापली. आईच्या मैत्रिणीच्या गोडा मसाल्यासारखंच, सगळ्यांनी खाल्लेला पण कृती कुणाला नाही. सायबर सेफ ५०२ नॅनोमीटरच्या आसपास सगळ्यात जास्त शोषतं आणि ५३० च्या आसपास हिरवं चमकतं, म्हणजे त्याला यूव्ही लागतच नाही, निळा उजेड पुरतो, आणि निळ्या उजेडाने डीएनएला काही होत नाही. फक्त मधून एक पिवळा-नारिंगी फिल्टर लागतो, जो निळं अडवतो आणि हिरवं सोडतो.

रंगाची बाटली सरांनी मागवली. निळ्या दिव्याच्या बॉक्सचं कोटेशन बघून सरांनी काहीच न बोलता कागद ड्रॉवरमध्ये ठेवला. मग मी आणि एक जुनियर गेलो पुण्याच्या तपकीर गल्लीत. ऑगस्ट महिना, गणपती तोंडावर, अख्खी गल्ली लाइटिंगच्या माळांनी भरलेली, पाय ठेवायला जागा नाही. निळी एलईडी पट्टी मागितली तर दुकानदार म्हणाला, "मखराला? मग वॉर्म घ्या ना ताई, निळ्यात बाप्पा भुतासारखा दिसतो." त्याला काय सांगणार. साध्या निळ्या एलईडी ४६०-४७० नॅनोमीटरच्या असतात, शिखरावर नाही पण सायबर सेफ तिथेही बऱ्यापैकी शोषतं. पाच मीटरची पट्टी, १२ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर, सनबोर्डचा खोका, वर उजेड पसरायला दुधी अ‍ॅक्रिलिक.

फिल्टरला मात्र मार खाल्ला. बोर्ड आणि नंबरप्लेट बनवणाऱ्याकडून नारिंगी अ‍ॅक्रिलिक घेतलं. त्याने प्रेमाने "हा रेडियम ऑरेंज घ्या, जास्त चमकतो" म्हणून दिला आणि मीही घेतला. लॅबमध्ये येऊन दिवा लावला तर अख्खा शीटच पेटला, भगवा झेंडा नुसता. तो रेडियम म्हणजे फ्लोरोसंट प्लॅस्टिक, निळा उजेड पडला की स्वतःच चमकतं, त्यातून कुठला बँड दिसतोय! फ्लोरोसन्सवर पीएचडी करणारी मी आणि चमकणारा फिल्टर विकत घेऊन आले, जुनियरने हे अजून सोडलेलं नाही. दुसऱ्या खेपेला दुकानातच एलईडीचा तुकडा आणि ९ व्होल्टची बॅटरी घेऊन गेले, एकेक शीटमधून बघितलं, ज्यातून निळा दिवा जवळजवळ विझल्यासारखा दिसला आणि शीट स्वतः गप्प राहिला तो घेतला. दुकानदाराला वाटलं मी इन्स्पेक्शनला आलेय.

पहिलं जेल तरी रिकामंच निघालं. हे पूर्णपणे माझं. रंग डीएमएसओ नावाच्या द्रावकात असतो आणि डीएमएसओ साधारण १८ डिग्रीच्या खाली गोठतो, फ्रिजमधून काढल्या काढल्या मी अर्धवट वितळलेल्या बाटलीतून पिपेट केलं, पाच मायक्रोलिटरमध्ये काय आलं असेल देव जाणे. पूर्ण वितळू द्या, हलवून घ्या, थोडं फिरवून खाली आणा, मगच घ्या. दहा हजार पट स्टॉक आहे, ५० मिलीला ५ मायक्रोलिटर. आणि उजेडात ठेवू नका. नावात सेफ आहे म्हणून उघड्या हाताने पण घेऊ नका, डीएमएसओ कातडीतून आरपार जातो आणि जाताना सोबत घेऊन जातो.

दुसऱ्या जेलला हिरवे बँड आले. फेस शील्ड नाही, अंधार पण पूर्ण लागत नाही, मी चक्क स्टूलवर बसून, दोन बँडच्या मधली बारीक काळी रेघ बघत, दहा मिनिटं लावून कापलं. तीच माझी निगुती, जी सात महिने मला नडत होती.

एक अर्धवट गोष्ट राहिली, मोजणीची. जेलमधून काढलेलं डीएनए मी नॅनोड्रॉपवर मोजायचे. नॅनोड्रॉप २६० ला जे जे शोषेल ते सगळं डीएनए समजतो, आरएनए, तुटके न्यूक्लिओटाइड, सगळं. दादाच्या लॅबमध्ये क्युबिट नावाचं मोजायचं मशीन होतं. त्यात पण रंगच असतो, फक्त दुहेरी डीएनएला चिकटला की चमकणारा, २०० मायक्रोलिटरमध्ये मिसळायचं, २ मिनिटं थांबायचं, दोन स्टँडर्डशी ताडून आकडा येतो. ट्यूबच्या अंगावर मार्करने नंबर लिहिले म्हणून पहिल्यांदा दादाची बोलणी खाल्ली, उजेड त्या अंगातूनच जातो, नंबर झाकणावर लिहायचा. आकडा आला तो नॅनोड्रॉपच्या चौथाई. म्हणजे माझा एकास तीन रेशो एवढे महिने फक्त वहीतच होता. आकडे सुधारले, त्या गुरुवारी लायगेशन लावलं, शनिवारी सकाळी प्लेटवर कॉलन्या, त्यातल्या आठ उघडल्या, सहांमध्ये माझा जीन. सरांना फोटो पाठवला, उत्तर आलं "सिक्वेन्सिंगला पाठव". बास. आईला मात्र फोन केला, ती म्हणाली, "शेवटी काय लावलंस?" मी म्हटलं, गणपतीची लाइटिंग.

मध्ये कुणीतरी दुसरा एक लाल रंग सुचवला होता, दोन इथिडियम एकमेकांना जोडून मोठा केलेला, म्हणजे पेशीच्या आत शिरू नये म्हणून. तो चांगला दिसतो, पण डीएनएला इतका घट्ट धरतो की जास्त लोड केलं तर बँड फरपटतो आणि लॅडरच्या तुलनेत भलतीकडेच दिसतो. त्याने जेल रन झाल्यावर वरून रंगवावं, अर्धा तास लागतो. आणि त्याला यूव्हीच लागतो, म्हणजे माझ्या कामाचा नाही.

आणि आता त्या कोपऱ्याचं. वाचत गेले तेव्हा कळलं की इथिडियम हे मुळात गुरांचं औषध, होमिडियम नावाने आफ्रिकेत ट्रिपॅनोसोमा या परजीवीच्या रोगावर गेल्या शतकाच्या मध्यापासून देतात, किलोमागे एक मिलिग्रॅम. म्हणजे ३०० किलोच्या गाईला एका टोचणीत ३०० मिलिग्रॅम, त्यात आमचं ६०० लिटर जेल झालं असतं. मामांना सांगितलं तर म्हणाले, "गाईला विचारलं का?" त्यांचंही बरोबर आहे, एम्स टेस्टमध्ये (बॅक्टेरियावरच्या चाचणीत) यकृताचे एन्झाइम घातले की ते जोरदार म्युटाजेन, म्हणजे डीएनएत बदल घडवणारं, ठरतं, तेव्हा ग्लोव्हज हवेतच. फक्त आमच्याकडे ते वाया गेलेलं बफर हायपो (ब्लीच) ओतून सिंकमध्ये सोडायची जी पद्धत होती ती चुकीची होती, ब्लीचने रंग जातो पण जे उरतं तेही म्युटाजेनिक निघतं. कोळशाच्या गाळणीतून काढायचं आणि तो कोळसा घातक कचऱ्यात द्यायचा. शेवटची बाटली तशीच गेली, दोन वर्षं झाली.

लाल पट्टी आता फरशीवर अर्धी पुसलीय, तिथे आमचा सनबोर्डचा खोका आणि वर भगवा नसलेला शीट. मामा अजून ते दार कोपरानेच उघडतात. खोक्यातल्या एलईडीची एक ओळ मागच्या आठवड्यात गेली, गणपतीच्या आधी परत तपकीर गल्लीत जायचंय, जुनियर म्हणतेय ह्या वेळी शीट ती निवडणार.